उचल अंगावर असताना काम सोडता येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. धरणगाव-बोदवडकडची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारी गिरणी असो की जळगाव एमआयडीसीतली डाळमिल आणि चटईचा कारखाना, प्रश्न हाच येतो: उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटलेली नाही, तर सोडून जाता येईल का? आणि मालक पगार दाबून ठेवू शकतो का?

जाता येतं. उचल फेडायलाच हवी, पण तिच्यापायी माणूस अडकवून ठेवणं ही वेठबिगारी झाली, आणि ती १९७६ च्या कायद्यानं बंद आहे. आधार कार्ड किंवा कोरा चेक ठेवून घेण्याचाही मालकाला हक्क नाही.

आता हिशोब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे काम सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता व्हायला हवा. कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही. समजा रोज ६०० रुपये, भरलेले दिवस १५, म्हणजे ९,००० झाले. अंगावर उचल १०,००० असली, तरी त्यातून कापायचे जास्तीत जास्त ४,५००. उरलेले ४,५०० हातात मिळाले पाहिजेत. बाकी ५,५०० चं देणं राहतं, ते हप्ते ठरवून फेडावं.

भांडण लागतं ते बहुतेक वेळा लिखापढी नसल्यामुळे. उचल फक्त मालकाच्या डायरीत असते, कामगाराचा अंगठा कोऱ्या व्हाउचरवर असतो. मग सोडताना त्यात मोडतोडीचे पैसेही चढतात. नुकसान कापायचं तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून उचल घेतानाच तारीख, रक्कम आणि हप्ता लिहून दोघांनी सह्या कराव्यात, आणि एक प्रत घरी न्यावी. हजेरीचा फोटो दर आठवड्याला काढून ठेवावा. पैसे नाहीच मिळाले, तर ही कागदं घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो. दाव्याची मुदत तीन वर्षं आहे.

कामगाराकडूनही एक गोष्ट मला हवीच वाटते. नेमणूकपत्रात नोटीस लिहिली असेल तर ती द्यावी. नसेल, तरी आठ-पंधरा दिवस आधी सांगावं. दसऱ्यानंतर जिनिंगचा हंगाम भरात असताना रातपाळी अर्धवट टाकून तर कुणीच निघू नये. कुठलं बेअरिंग तापतंय, कुठल्या मशीनवर कापसात खडा सापडला, हे पुढच्या पाळीला सांगूनच बाहेर पडावं. रुईत एक ठिणगी पडली, तर तिथं झोपलेली माणसंही आगीत सापडतात.