मीखा 3 : कातडी आणि शेत

सोमवार, रात्र

बायबलच्या जुन्या करारातले मीखा हे त्याच नावाच्या संदेष्ट्याचे, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्याचे, पुस्तक. त्याचा तिसरा अध्याय अवघ्या बारा वचनांचा, पण दुसऱ्या-तिसऱ्या वचनाशीच वाचणारा थबकतो. पुढारी प्रजेची कातडी सोलतात, हाडे मोडतात, हंडीत घालायच्या मांसासारखे तुकडे करतात. रागाच्या भरातली अतिशयोक्ती समजून पुढे सरकलो, की अध्याय हातचा निसटलाच.

त्याआधी दुसरा अध्याय वाचायला हवा. 2:2 मध्ये धनदांडगे शेतांचा लोभ धरतात आणि ती बळकावतात. तिथले हिब्रू क्रियापद 'गाझल'. 3:2 मध्ये कातडी ओरबाडतानाही तेच क्रियापद! वाडवडिलांची जमीन गेली की अंगावरची कातडीच गेली. मीखा स्वतः यहूदा राज्याच्या पश्चिमेकडच्या सखल टेकड्यांमधल्या मोरेशेथ गावचा. सोलल्या जाणाऱ्यांना तो 'माझे लोक' म्हणतो, हे मला फार मोलाचे वाटते.

पाचव्या वचनात संदेष्टे. दाताखाली काही आले तर 'शांती' म्हणायचे. ज्याने तोंडात घास घातला नाही, त्याच्याविरुद्ध युद्ध. इथे चावण्याचे क्रियापद 'नाशख', जे एरवी सापाच्या दंशासाठी येते. व्याजाचा 'नेशेख' हा शब्दही याच धातूचा.

अकराव्या वचनासाठी वहीत तीन रकाने आखावेत: कोण, काम, मोबदला. पुढारी, निवाडा, लाच. याजक, शिकवण, मोल. संदेष्टे, शकुन, रुपे. आणि एवढे करून हीच माणसे म्हणतात, परमेश्वर आमच्यामध्ये आहे, आमच्यावर अरिष्ट येणार नाही. अध्यायातले सर्वांत भयंकर वाक्य मला हेच वाटते, कातडी सोलण्याहूनही.

नेहमीची चूक म्हणजे थेट 6:8 वर, 'न्यायाने वाग, दया आवडीने कर, देवासमोर नम्रपणे चाल' या प्रसिद्ध वचनावर, उडी मारणे. 'मिश्पात' म्हणजे न्याय हा शब्द तिसऱ्या अध्यायात तीनदा येतो (वचने 1, 8, 9), आणि तिथे निवाडा करणाऱ्यांनाच धरले आहे. हे सोडून सहावा अध्याय वाचला तर न्याय म्हणजे नुसता चांगुलपणा उरतो.

शेवटचे वचन यिर्मया 26 शेजारी ठेवून वाचावे. तिथे यरुशलेमेच्या नाशाचे भाकीत केले म्हणून यिर्मया या संदेष्ट्याला ठार मारायची मागणी होते. सीयोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल, हे मीखाचे शब्द सुमारे शंभर वर्षांनी देशातले वडीलजन जसेच्या तसे उच्चारतात आणि विचारतात: तेव्हाच्या हिज्कीया राजाने मीखाला मारले का? तो तर परमेश्वराला भ्याला. यिर्मयाचा जीव वाचतो. त्याच अध्यायात उरीया नावाचा संदेष्टा असेच बोलतो, जीव वाचवायला मिसरात पळतो. यहोयाकीम राजा त्याला तिथून धरून आणवतो आणि तरवारीने मारतो.