चेहरा नसलेलं पोस्टर

गुरुवारी सकाळी नऊ वाजता माझ्यासमोर स्टुडंट फिल्म करणारी पाच मुलं बसली होती, शनिवारी १४ मार्चला त्यांचा पहिला शो होता आणि छपाईची फाइल त्या गुरुवारीच संध्याकाळी सातपर्यंत प्रेसला पोचवायची होती. पोस्टर नव्हतं. म्हणजे एक होतं, त्यांनीच केलेलं, गुलाबी बॅकग्राउंड, मधे हीरो-हिरॉईन पाठीला पाठ लावून उभे, आजूबाजूला बदाम. नावातली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर आली होती आणि जोडाक्षरं तुटली होती, कारण सॉफ्टवेअरमधे भारतीय लिप्यांचं सेटिंगच चालू नव्हतं. ते दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे त्याची काळजी नव्हती.

काळजी वेगळीच होती. फिल्म मी आदल्या रात्री दोनदा बघितली होती आणि मला ती मनापासून आवडली होती. बावीस मिनिटांची, कॉलेजच्या लायब्ररीत घडणारी. तो काउंटरवर बसतो, पुस्तकं घेतो-देतो, तारखेचे शिक्के मारतो. ती पुस्तक नेते. आधी पंधरा दिवसांनी परत आणते, मग आठवड्याने, मग तीन दिवसांनी, मग रोज, आणि एक अक्षर वाचलेलं नसतं हे दोघांनाही माहीत असतं पण कोणी बोलत नाही. बस एवढीच गोष्ट, आणि हसवते खरंच. अशा फिल्मला बदामवालं पोस्टर लावलं तर बघणारा म्हणणार हे तर माहितीच आहे, आणि पुढे जाणार.

मी त्यांना विचारलं पाठीला पाठ का लावली, तर डिरेक्टर मुलगी म्हणाली, ताई, रोमँटिक कॉमेडीची पोस्टरं अशीच असतात ना. खरं आहे तिचं. पांढरी किंवा फिकी बॅकग्राउंड, दोघं एकमेकांना टेकलेले, एकाच्या चेहऱ्यावर वैताग आणि दुसऱ्याच्या मिश्किल हसू, लाल अक्षरं. लांबून बघितलं तरी कळतं की फिल्म हलकीफुलकी आहे, दोघं भांडणार आहेत आणि शेवटी जुळणार आहे. पण ते पोस्टर चालतं कारण ते दोन चेहरे लोकांच्या ओळखीचे असतात. बघणारा चेहऱ्यासाठी थांबतो, पोज फक्त सांगते की या खेपेला कॉमेडी आहे. स्टुडंट फिल्ममधे चेहरे कोणाच्याच ओळखीचे नाहीत, मग ती पोज उरते नुसती, आणि नुसत्या पोजमधून काहीच कळत नाही. हे मी त्यांना सांगितलं आणि विचारलं की शूटिंगचे स्टिल्स दाखवा.

स्टिल्स नव्हते. सेटवर स्टिल फोटो काढायला कोणी ठेवलंच नव्हतं, सगळ्यांच्याच डोक्यात होतं की व्हिडिओतून फ्रेम काढू. ही चूक मी इतक्या स्टुडंट फिल्म्सच्या बाबतीत बघितली आहे की आता कोणी शूटिंगच्या आधी भेटलं तर पहिली गोष्ट हीच सांगते. फिल्म १९२० बाय १०८० पिक्सेलमधे होती. पोस्टर ए२, म्हणजे ४२० बाय ५९४ मिलिमीटर, उभं. आडव्या फ्रेममधून उभा तुकडा कापला की उंचीला फक्त १०८० पिक्सेल मिळतात, ते ए२ वर ताणले तर इंचाला जेमतेम ४६ पिक्सेल येतात. छपाईला ३०० धरतात, लांबून बघायचं असेल तर १५० वर भागतं, ४६ मधे नाक आणि भिंत सारखीच दिसते. आणि पिक्सेल जास्त असते तरी अडचण होतीच, कारण सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर साधारण १/५० सेकंदाचं ठेवतात, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायला तेवढा वेळ जातो, त्यामुळे माणूस जरासा हलला की ती फ्रेम पुसट येते. फिल्म चालू असताना ते डोळ्याला गोड लागतं, पण थांबवलं की हात म्हणजे धूर.

तेवढ्यात मागे बसलेला एक मुलगा, जो तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता, म्हणाला की माझ्या फोनमधे आहेत थोडे फोटो. तो कंटिन्युइटी बघायचा. म्हणजे एका शॉटमधे बाही दुमडलेली असेल तर पुढच्या शॉटमधेही तेवढीच दुमडलेली हवी, पेन उजवीकडे असेल तर उजवीकडेच, म्हणून प्रत्येक शॉटनंतर तो फोटो काढून ठेवायचा. थोडे म्हणाला तो, निघाले सहाशेच्या वर.

मी सगळे बघायला बसले. कॉलर, बटणं, बुटाच्या नाड्या, टेबलावरची पुस्तकं, घड्याळातली वेळ. आणि मधेच एक फोटो आला, दोन शॉट्सच्या मधला, हिरॉईन काउंटरला टेकून हसतेय, पूर्ण मोकळं, डोळे मिटलेले, आणि हीरो तिच्याकडे बघतोय. खोलीतले सगळे गप्प झाले. बारा मेगापिक्सेलचा फोटो, उभा धरून काढलेला, ए२ वर इंचाला १७० च्या आसपास गेला असता. मी अर्ध्या तासात त्यावर नाव बसवलं, रंग जरा उबदार केले, आणि ते पोस्टर इतकं छान दिसत होतं की सगळ्यांनी तिथेच फोटो काढून ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत हिरॉईनचा फोन आला डिरेक्टरला, आणि मग तिने माझ्याशी बोलायचंय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ताई, पोस्टर सुंदर आहे पण तो फोटो नका वापरू प्लीज. मी कारण विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. त्या दिवशी शूटिंगच्या आधी घरी काहीतरी झालं होतं, ती रडून आली होती, आणि त्या क्षणाला तो कंटिन्युइटीवाला मुलगा काहीतरी बोलला म्हणून ती हसली होती. ती म्हणाली, ते माझं हसू आहे, त्या पात्राचं नाहीये, मी ते भिंतीवर नाही लावू शकत.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं की तिने रिलीज फॉर्मवर, म्हणजे आपलं चित्रण वापरायच्या परवानगीच्या कागदावर, सही केली आहे. केली होती, खरंच. पण त्या फॉर्मवर फिल्मसाठी केलेल्या कामाचा आणि प्रमोशनचा उल्लेख होता आणि हा फोटो फिल्ममधे कुठेच नव्हता, कंटिन्युइटीसाठी काढलेला होता, तिला वाटलंही नसेल की असा कोणी बघणार आहे. कायद्याने काय बसतं याचा विचार मी केलाच नाही. मी तिला म्हटलं, अगं काढला बघ, आणि तिच्याशी बोलता बोलताच फाइल डिलीट केली, आणि मुलांना सांगितलं की ग्रुपवरून पण काढा आणि ज्याने ज्याने डाउनलोड केलाय त्याने पण. डिरेक्टर मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिची मेहनत मला दिसत होती, पण तिने एका शब्दाने वाद घातला नाही, तिनेच ग्रुपवर लिहिलं. मला ती मुलगी त्या क्षणी फार आवडली.

साडेबारा झाले होते. मी परत ते फोटो बघायला घेतले, या वेळी माणसं सोडून. आणि मग मला ती पट्टी दिसली.

लायब्ररीच्या पुस्तकात शेवटच्या पानावर तारखांची पट्टी चिकटवलेली असते ना, ती. आर्ट डिरेक्शन करणाऱ्या मुलीने ती हाताने बनवली होती, खऱ्या तारखेच्या शिक्क्याने. ३ जानेवारी. १७ जानेवारी. २४ जानेवारी. २७. २८. २९. मग मोठी मोकळी जागा, कारण तिथे फिल्ममधे दोघांचं भांडण होतं, आणि मग खूप खाली एकच शिक्का, दीड महिन्यानंतरचा, जरा तिरका. म्हणजे आख्खी प्रेमकथा त्या पट्टीवर होती! तारखा जवळ येत जातात, मग तुटतात. फिल्ममधे ती पट्टी दोन सेकंद दिसते, तीही आउट ऑफ फोकस, मी दोनदा बघून माझ्या लक्षात आली नव्हती. मी त्या मुलीला विचारलं की तू हे मुद्दाम केलंस का, तर ती म्हणाली, हो, स्क्रिप्टमधल्या तारखा मोजून केलं, पण कोणी बघितलंच नाही.

पट्टी तिच्या खोक्यात जपून ठेवलेली होती, शिक्का आणि स्टॅम्प पॅडसुद्धा. ती जाऊन घेऊन आली. वस्तू हातात असली की पिक्सेलचा प्रश्न राहत नाही, साधारण १२ सेंटीमीटरची पट्टी इंचाला १२०० पिक्सेलने स्कॅन केली की साडेपाच हजारांच्या वर पिक्सेल येतात, म्हणजे पूर्ण ए२ भरला तरी इंचाला २४० च्या आसपास. आणि एवढी मोठी केल्यावर कागदाचे तंतू दिसायला लागले, शाई कुठे फुटली, शिक्का कुठे घाईत उचलला. २९ जानेवारीचा शिक्का दुहेरी उमटला होता, हात हलल्यासारखा. त्यात त्या मुलाची धडधड दिसत होती मला.

आता वाद शेवटच्या शिक्क्यावर. तो ठेवला तर शेवट कळतो. काहीजण म्हणाले रोमँटिक कॉमेडीत शेवट सगळ्यांना माहीतच असतो, आणि ते बरोबरच आहे, लोक येतात ते कसं जुळतं हे बघायला. पण मला ती मोकळी जागा हवी होती, ती बघून पोटात जरासं काहीतरी व्हायला हवं होतं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही, आणि मग कंटिन्युइटीवाला मुलगाच म्हणाला, तिथे आपल्या शोची तारीख टाकूया का, त्याच शिक्क्याने.

तिथे पोस्टर झालं. १४ मार्च, शनिवारी परत करायची तारीख. वेगळं आमंत्रण लिहायचीही गरज उरली नाही, बघणाऱ्याची नजर तारखांवरून उतरत उतरत मोकळ्या जागेतून थेट शोच्या दिवसावर येते. आर्टवाल्या मुलीने कोऱ्या कागदावर वीस-पंचवीस शिक्के मारले कारण आधीचे फार सुबक येत होते, अर्धवट शाईचा, डावीकडे फिका पडलेला एक आम्ही निवडला.

मग रंग. शिक्क्याची ती जांभळी शाई स्क्रीनवर झगझगीत दिसते, पण स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते आणि छपाई चार शाया मिसळून, तो जांभळा त्या चारांत बसत नाही. पहिला टेस्ट प्रिंट मळकट आला. निळी शाई कमी करत गेले, काळी पूर्ण काढली, चौथ्या प्रिंटला शिक्का शिक्क्यासारखा दिसला. फिल्मचं नाव मुलांना अक्षरं लांब लांब ठेवून हवं होतं, ते मी नाही केलं, देवनागरीत अक्षरांत अंतर टाकलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. जाड साधा फाँट घेतला, व्यावसायिक वापराला परवानगी असलेला, आणि प्रेसच्या कंप्युटरवर जोडाक्षरं तुटायला नकोत म्हणून सगळी अक्षरं आउटलाइनमधे बदलली, म्हणजे ती फाँट न लागणारे नुसते आकार झाली. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना कडेला पांढरं दिसू नये म्हणून जास्तीची छपाई.

फोनसाठी वेगळं करावं लागलं, हे बरेच जण विसरतात. लोक पोस्टर बघतात ते अंगठ्याएवढं, तिथे सात तारखा कोण वाचणार. १२८० बाय ७२० च्या थंबनेलवर आम्ही फक्त तो दुहेरी उमटलेला शिक्का आणि नाव ठेवलं. १०८० बाय १९२० च्या स्टोरीवर तारखा एकेक करून उमटतात, आवाज फक्त शिक्क्याचा, ठप, ठप, आणि मोकळ्या जागेत तीन सेकंद काहीच नाही. त्या तीन सेकंदांवर डिरेक्टर हटून बसली, लोक स्क्रोल करतील म्हणून मला भीती होती, पण तिचं बरोबर होतं, त्या शांततेशिवाय पुढच्या ठपला अर्थ नव्हता.

सहा वाजता खालची नावं. मी कोणाचंही नाव यादीवरून टाइप करत नाही, प्रत्येकाने आपलं नाव स्वतः मेसेजमधे लिहून पाठवायचं आणि मी ते कॉपी करायचं, कारण छापलेल्या चुकीच्या नावाचं दुःख बरेच दिवस राहतं. चौदा नावं आली. मी फिल्मच्या शेवटच्या पाट्यांशी ताडून बघितली, तिथेही चौदाच. मग मी खोलीत नजर फिरवली. कंटिन्युइटीवाल्या मुलाचं नाव दोन्हीकडे नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणाला, मी शेवटच्या आठवड्यात जॉइन झालो होतो, राहूदे. डिरेक्टर उठून त्याच्याकडे गेली आणि त्याचा फोन त्याच्या हातात देऊन म्हणाली, लिही.

पंधरावं नाव बसवायला ओळ सगळी परत मोडून घ्यावी लागली. सहा पन्नासला फाइल गेली. रात्री हिरॉईनला पोस्टर पाठवलं, तिने खूप वेळाने उत्तर दिलं, फक्त एवढंच विचारलं की २९ चा शिक्का तसाच ठेवलाय ना.

शनिवारी दारात टेबल टाकून हीरो आणि ती दोघं बसले होते, येणाऱ्या प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढी पट्टी देत होते आणि शेवटच्या ओळीवर १४ मार्चचा शिक्का ती स्वतः मारत होती.