दप्तरी दाखल

रविवारी रद्दीवाला दारात बसून वर्तमानपत्रं काट्याला अडकवत होता. चौथीतली लेक शेजारी उकिडवी बसून आकडे मोठ्यानं वाचत होती. तिचं दप्तर तिथंच भिंतीला टेकून उभं. मला काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, "दादा, हे जरा लावा बघू." त्यानं आकडा वरच्या पट्ट्यात घातला, दप्तर उचललं, शिवण कर्रकन वाजली. 4 किलो 300.

"ताई, वह्या असतील तर भाव वेगळा," तो म्हणाला. लेकीनं दप्तर हिसकावून घेतलं.

तिचं स्वतःचं वजन 25 किलो. आपल्या राज्य सरकारच्या 21 जुलै 2015 च्या निर्णयानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नको. म्हणजे अडीच किलो. मग वरचं किलो आठशे बेकायदा झालं का? आता, बेकायदा म्हणायचं तर आधी कायदा हवा. तो शोधायला बसले आणि दुपारची झोप गेली.

जिथं बघावं तिथं दप्तराच्या वजनाच्या '2006 च्या कायद्या'चा दाखला. 10 टक्क्यांची मर्यादा, बालवाडीला दप्तरच नाही, शाळेत लॉकर. वाचून बरं वाटलं. अडचण एवढीच, की असा कायदा नाही. ते राज्यसभेत मांडलेलं खासगी विधेयक होतं. मंत्र्यानं मांडलं की विधेयक सरकारी, नुसत्या खासदारानं मांडलं की खासगी. आणि खासगी कामकाजाची वेळ कुठली, तर शुक्रवारी दुपारी जेवणानंतरचे अडीच तास. शाळेत शनिवारी शेवटचा तास पीटीचा असायचा, आणि सरांना नेमकं तेव्हाच काहीतरी काम निघायचं, त्याची आठवण झाली. स्वातंत्र्यापासून या वाटेनं 14 च कायदे झालेत, शेवटचा 1970 साली. दप्तराचं विधेयक त्यात नाही. तरी बातम्यांमधून ते 'कायदा' म्हणून सुखानं नांदतंय. जन्मालाच न आलेल्या माणसाच्या नावानं रेशनकार्ड निघावं, तसं.

त्याच्याही आधी, 1989 मध्ये, राष्ट्रपतींनी नेमलेले खासदार, 'मालगुडी'वाले लेखक आर. के. नारायण राज्यसभेत दप्तरावर बोलले होते. राजकारण नाही, परराष्ट्र धोरण नाही, दप्तर. रोजच्या ओझ्यानं मुलं वाकतात, हात पुढे लोंबकळत चिंपांझीसारखी चालतात, असं त्यांनी सांगितलं. माझी लेक जिना उतरताना मी वरून बघते ना, अगदी तेच. पुढे 1992 मध्ये मुलांवरचं अभ्यासाचं ओझं कसं कमी करावं हे सांगायला शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल 1993 मध्ये आला. समिती म्हणाली, पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त वाईट. शंभर टक्के खरं. पण मला वाटतं, ते सोयीचंही ठरलं. कारण न समजण्याचं ओझं कुठल्याच काट्याला लागत नाही.

या सगळ्यात मला गोखल्यांची फार आठवण झाली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. 1911 मध्ये त्यांनी कलकत्त्याला केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. वर्षभर त्यावर देशभरातून मतं मागवून झाली. मार्च 1912 मध्ये त्यांचं मागणं काय होतं? मंजूर करा, असंही नाही. प्रवर समितीकडे पाठवा, कलमं तपासून बघा, एवढंच. तेही 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळलं गेलं. विधेयक पडणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तसं त्यांनी उभं राहून सांगितलंही, आणि आपली तक्रार नाही म्हणाले. मग सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा संसदेत झाला तो 2009 साली. मधली 97 वर्षं कागद कुठे होता?

दप्तरात. आपली भाषा मोठी खोडकर आहे. फारसीतून आलेला हा शब्द मुळात सरकारी कागदपत्रांचा. पुण्यात पेशवे दप्तर आहे, तिथले कागद रुमालांत बांधलेले. नको असलेल्या अर्जाचं काय करायचं, तर दप्तरी दाखल. आणि तोच शब्द आपण पोरांच्या पाठीवर चढवला. त्यांच्यासाठीची विधेयकं त्या दप्तरात, आणि ती स्वतः या दप्तराखाली.

असो. रद्दीवाला गेल्यावर मी लेकीचं दप्तर सतरंजीवर पालथं केलं. डबा. भरलेली पाण्याची बाटली, तीच एकटी पाऊण किलोच्या पुढे. सोमवारच्या पुस्तकांबरोबर गुरुवारचीही, "कारण बाई कधी कधी तास बदलतात." एक शब्दकोश, का ते तिलाही सांगता आलं नाही. कंपास, दुसरा कंपास. तीन गारगोट्या आणि वाळलेलं पिंपळपान. गारगोट्या काढू या म्हटल्यावर डोळे भरून आले, म्हणून त्या राहिल्या. घरच्या सुनावणीत शब्दकोश आणि दुसरा कंपास एवढीच दुरुस्ती मंजूर झाली.

अगदी तळाशी, बिस्किटाच्या चुऱ्यात, चार घड्यांचा एक कागद सापडला. शाळेचं जूनमधलं परिपत्रक: पाल्याच्या दप्तराचे वजन मर्यादेत ठेवावे, पालकांनी वाचून सही करून परत पाठवावे.

मी सही केली. उद्या बाईंना द्यायचा म्हणून लेकीनं तो पुन्हा दप्तरात टाकला.