फुलांच्या बादल्या आणि केळीचा घड: माझा तिसरा १४ फेब्रुवारी

यंदा १४ फेब्रुवारी शनिवारी आला आणि लगेच रविवारी महाशिवरात्र. पांढऱ्या फुलांना महादेवाचं गिऱ्हाईक, लाल फुलांना आपलं. त्यामुळे गुलछडीसुद्धा स्वस्तात मिळाली नाही. तरी हे वर्ष माझं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं गेलं, म्हणून नोंद जरा सविस्तर लिहितेय.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात घरूनच बुके करते. २०२४ ला वसंत पंचमी आणि व्हॅलेंटाइन एकाच दिवशी आले होते, तेव्हा ९ बुके केले, सगळे ओळखीतले. २०२५ ला २१ केले. यंदा ३२.

आधी गेल्या वर्षीची गोष्ट, कारण यंदाचं सगळं तिच्यावरच उभं आहे. १३ तारखेला रात्री फुलांच्या बादल्या मी धान्याच्या खोलीत ठेवल्या. घरातली सगळ्यात थंड जागा तीच. सकाळी दार उघडलं तर कार्नेशन मिटून बसलेले, गुलाबाच्या पाकळ्या बादलीभोवती पडलेल्या. जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, मागून आल्या आणि म्हणाल्या, "कसं व्हयनं वं माय?" (कसं झालं गं हे?) मला रडूच फुटलं. दोन दिवस मी नाशिकहून माल पाठवणाऱ्याला दोष देत होते. मग लक्षात आलं की जरबेरा जसेच्या तसे आहेत. पाणी खराब असतं तर आधी जरबेराचा देठ कुजला असता, तो सगळ्यात नाजूक. तेव्हा मान वर करून पाहिलं. आढ्याला आमच्या घरातल्या आबांनी पिकायला लावलेला केळीचा घड होता.

आपल्याकडे केळी पिकवायच्या चेंबरमध्ये जो इथिलीन वायू सोडतात, तोच वायू पिकणारं केळं स्वतःही सोडतं. फुलाला तो वायू म्हणजे म्हातारपणाचा निरोप. कार्नेशनला तो सगळ्यात आधी बाधतो, गुलाबालाही त्रास होतो, जरबेराला फारसा नाही. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात घराघरात घड टांगलेला असतो, म्हणून हे आपल्या भागातल्यांनी जास्त जपायला हवं.

खात्री करायला यंदा ११ तारखेला मुद्दाम प्रयोग केला. एकाच बंचमधले दोन कार्नेशन घेतले, पाणी तेच, काप तसाच. एक घडाखाली ठेवला, दुसरा ओसरीच्या टोकाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घडाखालचा मिटला. ओसरीवरचा अजून आठ दिवस टवटवीत राहिला. आबांनी दोन्ही हातात धरून पाहिले आणि काही न बोलता घड गोठ्यात नेऊन टांगला.

उन्हाचं म्हणाल तर आपल्याकडे फेब्रुवारीत दुपारी पारा तिशीच्या पुढे जातो, रात्र मात्र गार असते. म्हणून रात्री बादल्या उघड्या अंगणात, सूर्य वर यायच्या आत खोलीत. खोलीत कूलर चालू, खिडकीला ओलं गोणपाट. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर इथे चांगलं काम देतो. फक्त त्याचा झोत फुलांवर थेट येऊ देऊ नका, पाकळ्यांच्या कडा करपतात.

माल हातात आला की मी आधी धारदार सुरीने देठ पाण्याखाली तिरपे कापते, पाण्यात बुडणारी पानं काढते आणि चार-पाच तास पाणी पिऊ देते. या लिटरभर पाण्यात चमचाभर साखर, थोडा लिंबाचा रस, ब्लीचचे दोन-चार थेंब. साखर खाऊ, लिंबामुळे पाणी चढतं, ब्लीचमुळे जंतू वाढत नाहीत. जरबेरा मात्र चार बोटं पाण्यातच उभे करते. घाईत हा वेळ वाचवलेला बुके संध्याकाळी मान टाकतो, हे मी दोनदा भोगलंय.

बांधणीत यंदा सर्पिल जमला. प्रत्येक देठ एकाच बाजूला तिरका लावत हातातली जुडी थोडी थोडी फिरवायची. एकही देठ उलटा गेला तर सगळी जुडी दाटते. नीट जमला की बुके देठांवर आपला आपण उभा राहतो. पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मी सगळ्यांना हाक मारून दाखवला. बांधायला केळीचं वाळलेलं सोपट भिजवून वापरलं. रबर देठ चिरडतं, तसं ते चिरडत नाही.

हिशोब असा. लाल डच गुलाबाचे २० चे ८ बंच, प्रत्येकी ४२० रुपयांनी. एरवी हाच बंच दीडशेच्या आत मिळतो. कार्नेशन, जरबेरा, जिप्सी (भरायची बारीक पांढरी फुलं), हिरवा पाला, कागद, रिबन, भाडं धरून एकूण खर्च ६,६५०. विक्री १२,६००. हाती ५,९५० राहिले. आठ गुलाब वाया गेले.

घेणाऱ्यांत कॉलेजची मुलं आली, पण जास्त बुके लग्न होऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्यांनी नेले. एका काकांनी बुके नको म्हणून गुलछडीचा गजरा सांगितला. "तिला कागदातली फुलं नाही आवडत," म्हणाले. तो गजरा मी सगळ्यात शेवटी, सावकाश केला.

पुढच्या वर्षी लाल गुलाबावरचा भार कमी करायचाय. शेताच्या बांधाला ग्लॅडिओलसचे २०० कंद लावणार आहे. ८० ते ९० दिवसांत फुलणारी जात बघितलीय, म्हणून निम्मे १४ नोव्हेंबरला आणि निम्मे आठवड्याने. आबांनी पाण्याच्या नळीची जागा आत्ताच आखून दिलीय.