आजी, आधी खिडकी उघडा

मस्कत-दुबईत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला जळगावच्या मे महिन्याचं काय कौतुक, असं सगळ्यांना वाटतं. तिकडेही तापतंच की! तापतं, पण तिकडचा उन्हाळा समुद्राकाठचा, ओला. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि घाम अंगावरच राहतो. आपल्याकडे भुसावळ-जळगाव-यावल पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारच्या हवेतली आर्द्रता बहुतेक दिवशी २० टक्क्यांच्या खाली असते. ओली सुती साडी दोरीवर टाकून तिचं दुसरं टोक नीट करेस्तोवर पहिलं टोक वाळत आलेलं असतं. ‘काय ऊन तपी ऱ्हायनं वं माय’ म्हणत शेजारीण दारात टेकते ते खरंच, पण खानदेशातल्या उन्हाळ्याचं जे काही सुख आहे ते या कोरडेपणावरच चालतं. गार माठ, कूलर, कुरडया, रात्रीची गच्ची, सगळं. निवृत्त होऊन परत आलेल्या आज्या पहिल्याच आठवड्यात तिकडच्या सवयीने खिडक्या लावून घेतात आणि एसीत बसतात. मग इथे करमत नाही म्हणतात. करमणार कसं?

माठापासून सुरुवात करा, पण माठ बघून घ्या. बाजारात हल्ली ऑइलपेंटने रंगवलेले, वर नक्षी काढलेले माठ दिसतात. ते शोभेला ठेवा. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरून बाहेर येतं, ते उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार होतं. छिद्रंच रंगाने बुजवली तर तो मातीचा डबा झाला. काळा घ्या, लाल घ्या, फरक भाजण्याचा आहे. बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर नीट भाजलेला. भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. पाठीमागून उजेड धरून आत डोकावलं तर बारीक भोकही सापडतं.

नवा माठ घरी आणला की एक दिवस आणि एक रात्र पाण्याने भरून ठेवायचा आणि ते पाणी झाडांना घालायचं. साबण किंवा भांड्यांची पावडर आत लावायची नाही; ती मातीत शिरते आणि महिनाभर पाण्याला वास येतो. आतून नुसता हात फिरवायचा, बाहेरून नारळाच्या काथ्याने घासायचं. माठाची जागा सहसा चुकते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फ्रिजशेजारी ठेवला तर तो गार होणार नाही, कारण तिथे वारा नाही आणि फ्रिजची मागची बाजू गरम हवा सोडते. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत, सावलीत, तिवईवर ठेवा. खाली परातीत ओली वाळू, भोवती ओलं सुती फडकं. फडकं कोरडं पडलं की गारवा कमी झालाच. तळ धरून नळ बसवलेला माठ आजीच्या वाकत्या पाठीला सोयीचा असतो, पण नळाच्या वायसरपाशी गळतो, तेवढं घेताना दुकानातच पाणी घालून बघावं.

बोअरचं पाणी असेल तर दोन उन्हाळ्यांनंतर माठ ‘पाझरेनासा’ होतो. क्षार छिद्रांत बसतात, बाहेरून पांढरी पुटं दिसतात. बाहेरून व्हिनेगरच्या पाण्याने घासून, रात्रभर भिजवून, उन्हात कडक वाळवला तर थोडा सुधारतो. नाहीतर त्यात तुळस लावावी आणि नवा आणावा. वाळ्याची जुडी टाकायची असेल तर धुऊन, मलमलच्या कापडात बांधून टाका, म्हणजे मुळांचे तुकडे पेल्यात येत नाहीत. चौथ्या दिवशी ती उन्हात वाळवायची, तीन आठवड्यांनी फेकायची. तशीच राहू दिली तर बुळबुळीत होते आणि वाळ्याऐवजी डबक्याचा वास येतो.

आता कूलर, आणि मथळ्यातली खिडकी. कूलर बाहेरची गरम कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो आणि पाण्याची वाफ करून तिला थंड करतो. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगला कूलर २८ च्या आसपासची हवा सोडतो. पण ती हवा ओली असते. खोली बंद असेल तर ती तिथेच कोंडते, कूलर तीच ओली हवा पुन्हा ओढतो आणि अर्ध्या तासात खोलीचं मस्कत होतं. म्हणून कूलर खिडकीत, पाठ बाहेर करून, आणि समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार वीतभर उघडं. उघडं ठेवल्याने गारवा जातो असं वाटतं, पण ओली हवा बाहेर गेली तरच नवी गार आत येते. पलंगावर झोत सरळ घेऊ नका. सकाळी मान आखडते.

गवत दरवर्षी नवं. लावण्याआधी दोन पाण्यांतून काढलं की पिवळं पाणी आणि भुसा निघून जातो, नाहीतर तोच भुसा पंपात जातो आणि पंप घरघरतो. गवत सगळीकडे सारखं पसरलेलं हवं. जिथे विरळ झालं तिथून हवा तशीच गरम घुसते. जाळीचे पुठ्ठ्यासारखे हनीकोंब पॅड जास्त टिकतात, पण क्षाराच्या पाण्याने तेही दगड होतात. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढायचंच. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला सात-आठ दिवस पुरतात. तेच क्षारट पाणी झाडांना नको, पण गच्चीवर ओतायला उत्तम. पुढे येतंच ते.

एक सक्त सूचना. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी घालताना बटण बंद आणि प्लग बाहेर, पायात रबरी चप्पल. अर्थिंग नसलेल्या घरात दर उन्हाळ्यात यात कोणीतरी शॉक खातं. नातवंडं गार पत्र्याला हात लावायला धावतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

वाळवणाचं सुख पहाटेचं. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, हा खानदेशाचा मान, पण ज्वारी सडून, शिजवून, ओल्या धोतरावर थापायला चार हात लागतात. वाळल्या की धोतर उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा, तेव्हा त्या सुटतात. घरात दोघीच असाल तर कुरडया करा, एक किलो लोकवन गव्हाच्या.

गहू तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं. उन्हाळ्यात पाणी बदलायला विसरलात तर तिसऱ्या दिवशी चीक आंबट होतो आणि कुरडई तांबूस निघते. दाणा नखाने दाबला की पांढरं दूध यावं, तेव्हा तो तयार. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटायचे, हाताने पिळून पातळ कापडातून गाळायचे. चोथ्याच्या भुसवड्या होतात. गाळलेला चीक रात्रभर न हलवता ठेवायचा. सकाळी वरचं तांबूस पाणी अलगद काढून टाकलं की खाली दह्यासारखा घट्ट चीक राहतो. तो वाटीने मोजायचा. एक वाटी चीक, एक वाटी पाणी. पाण्यात हिंग, चमचाभर तेल आणि मीठ. मीठ असं की चव घेतल्यावर थोडं कमी वाटलं पाहिजे, कारण वाळताना पाणी उडतं आणि मीठ तेवढंच उरतं. पाणी खळखळलं की एकीने चीक बारीक धारेने सोडायचा, दुसरीने चाटूने एकाच दिशेने ढवळत राहायचं. धार जाड झाली की गाठी झाल्याच. मग मंद आचेवर झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं वाफ.

इथे घाई करायची नाही. शिजलेला चीक पांढरा राहत नाही, काचेसारखा दिसायला लागतो आणि ओल्या बोटाला चिकटत नाही. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तडकते, तिचे तुकडे होतात, आणि तेलात टाकली तरी मधला भाग पांढराच, दगडासारखा राहतो. शिजल्यावर लगेच गरम असतानाच सोऱ्यातून पाडायची. चीक निवला की धागे तुटतात. मनगट दुखत असेल तर दाबायचा सोऱ्या नको, वरून फिरकीने फिरवायचा घ्या. बाजेवर जाड प्लास्टिक अंथरून आठच्या आत सगळ्या पाडून झाल्या पाहिजेत. दहानंतरच्या वाऱ्यात धूळ असते, तेव्हा वरून जुनी पातळ साडी टाकून चारी कोपऱ्यांना दगड. संध्याकाळी उलटायच्या, आणखी दोन दिवसांचं कडक ऊन द्यायचं. कटकन मोडली तरच डब्यात. जराशी वाकली तर अजून एक दिवस, नाहीतर श्रावणात डबा उघडाल तेव्हा बुरशी.

यात आजीचं काम कोणतं? पातेल्याच्या बुडाशी उरलेला गरम चीक वाटीत घेऊन, वर कच्चं तेल किंवा दूध-साखर घालून, सावलीत बसून खाणं आणि चिमण्या हाकणं. हे काम कोणाला देऊ नये.

वैशाख शुद्ध तृतीयेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. नव्या घागरीत पाणी भरून वर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे ठेवून पितरांची घागर पुजायची. माहेरवाशिणी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात. बऱ्याच घरांत त्या दिवसाआधी आंबा खात नाहीत, आणि एका अर्थी ते सोयीचंही आहे, कारण लवकर आलेला आंबा बहुतेक वेळा जबरदस्तीने पिकवलेला असतो. कार्बाइडने पिकवायला बंदी आहे, तरी ओळख ठेवावी. साल एकसारखी पिवळीधम्मक, देठाजवळ वास नाही, आणि कोयीजवळ आंबट, घट्ट. देठाला नाक लावून वास घ्या आणि मगच पिशवीत टाका.

रसाचे आंबे तासभर गार पाण्यात ठेवायचे. मग हाताने सगळीकडून मऊ करून देठ काढायचा आणि पहिले चार थेंब चिकाचे बाहेर टाकायचे, नाहीतर ओठ आणि घसा खवखवतो. रस हाताने पिळून चाळणीतून काढा. मिक्सरमध्ये हवा मिसळून तो फिका आणि फेसाळ होतो. दूध फक्त गोड रसात. आंबट रसात ते फाटतं. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात रस ठेवू नका. वर चमचाभर तूप, चिमूटभर सुंठ. सोबत खापरावरची पुरणपोळी, रशी (कटाची आमटी) आणि तळलेली कुरडई. मधुमेह असेल तर एक छोटी वाटी, आणि त्या दिवशी पोळी अर्धी. खापरावरची पोळी केवढी असते ते माहीतच आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. वय वाढलं की तहान उशिरा लागते, म्हणून तहानेवर अवलंबून राहू नये. सकाळी आपला वेगळा तांब्या भरून संध्याकाळपर्यंत किती वेळा रिकामा झाला ते मोजावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, लघवी वाढवणारी गोळी असेल, तर किती प्यायचं ते डॉक्टरच सांगतील. जुलाब झाले तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खिशातला कांदा उन्हापासून वाचवतो यावर माझा विश्वास नाही, भाकरीबरोबरच्या कांद्यावर आहे. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध झालं, तर पन्हं पाजत बसू नका. अंग ओलं करून वारा घाला आणि दवाखाना गाठा.

रात्र गच्चीवर. धाब्याच्या घरांना जाड मातीचं छत होतं, त्याखाली दुपार सुसह्य जायची. सिमेंटची स्लॅब मात्र दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. पाणी दोनदा मारायचं. पहिलं ऊन उतरल्यावर, साडेसहाच्या सुमारास, तेव्हा जमीन नुसती वाफ सोडते. दुसरं आठ वाजता, ते मुरतं. चारला मारलेलं वाया जातं, ऊन पुन्हा तापवतं. पाणी एक दिवसाआड येत असेल तर कूलरचं काढलेलं पाणी इथे वापरा. बाज, सुती चादर, मच्छरदाणी, आणि पायथ्याशी गोधडी, कारण पहाटे चारला ती लागतेच. जिन्यात दिवा रात्रभर असू द्या.

नऊला फोन लावायचा. न्यू जर्सीला तेव्हा सकाळचे साडेअकरा, म्हणून तिकडे शनिवार-रविवारच बरा. दुबईत साडेसात, तिथे रोज चालतं. नातवंडाला कॅमेऱ्यात चांदण्या दिसत नाहीत, कुरडयांची बाज दिसते. ती दाखवा.

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी माठाचं पाणी कोमट लागेल, कूलर नुसता ओला वारा फेकेल आणि उघड्या राहिलेल्या डब्यातली कुरडई मऊ पडेल. माठ किंवा कूलर बिघडलेला नाही, हवेत ओल आली आहे. त्याच दिवशी टाकी रिकामी करून कोरडी पुसा, गवत काढून टाका, पंप धुऊन वाळवून पिशवीत ठेवा, आणि पत्रा गंजू नये म्हणून कूलरवर जुनी सतरंजी नको, ती ओल धरते. प्लास्टिकचं आवरण घाला, खालून वारा जाईल इतकं सैल.