भारंगी समजून दोन पावसाळे

नर्सरीवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच सांगते. भाजीचं नंतर.

संगमेश्वरला मावशीकडे आषाढात भारंगीची भाजी व्हायची. बदलापूरला राहायला आल्यावर वाटलं, एक झाड आपल्याकडेही असावं. नर्सरीत दोनदा विचारलं, "रानभाजीची भारंगीच ना?" "हो मॅडम, ओरिजिनल," म्हणत त्याने दीडशे रुपयांना रोप दिलं. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, तेही नुसतं 'क्लेरोडेंड्रम'. फूल निळं-जांभळं, फुलपाखरासारखं, बाहेर वळलेले लांब केसर. मी खूश.

पण पानं भाजीपुरती कधी झालीच नाहीत. बोटाएवढी, गुळगुळीत. मला वाटलं, कुंडीत खुरटलंय. शेणखत घातलं, कुंडी बदलली, उन्हातून सावलीत नेलं, परत उन्हात आणलं. मावशीला फोटो पाठवला तर म्हणाली, "फूल तेच गं." मोबाइलवरचं अ‍ॅप एकदा एक नाव सांगे, एकदा दुसरं. असे दोन पावसाळे गेले. फुलं मात्र थंडीतही येत होती. तिथेच मला कळायला हवं होतं, कारण आपली भारंगी फुलते पावसात.

शेवटी स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बाईंना डहाळी नेऊन दाखवली. त्या हसल्याच. स्वतःची जुडी माझ्या हातात दिली. वीतभर लांब, खरखरीत पान, कडेला करवतीसारखे दाते, चौकोनी दांडा आणि कितीतरी पेरांवर तीन-तीन पानं. "फूल बघून भाजी घेतेस होय, बाय?"

घरातलं झाड निघालं पूर्व आफ्रिकेतलं, शोभेचं 'ब्लू बटरफ्लाय'. भारंगीचं जवळचं भावंड, म्हणून फूल इतकं सारखं. जुन्या पुस्तकांत दोघंही क्लेरोडेंड्रमच. 1998 मध्ये दोघांना रोथेका या वेगळ्या प्रजातीत हलवलं, तेव्हापासून भारंगी झाली रोथेका सेराटा. म्हणजे चिठ्ठी खोटी नव्हती, बिनकामाची होती. तक्रार करायला गेले तर तो म्हणतो, "फूल निळंच आहे ना? तुम्हाला काय खायचंय थोडंच!" खायचंच होतं हो! नशीब, त्या झाडाची पानं कधी शिजवली नाहीत.

खरं झाड मावशीच्या बांधावरून आलं, मुळासकट फुटवा ओल्या गोणपाटात गुंडाळून. लागायला काही त्रास दिला नाही. मूळ जाड होतं, म्हणून निळा ड्रम अर्धा कापून त्यात लावलं. पाणी तुंबू देऊ नका. उन्हाळ्यात वरून वाळलं तर उपटू नका, पहिल्या पावसाला बुडातून फुटतं.

भाजीला फक्त कोवळी पानं घ्या. बारीक चिरून उकळायची, पाणी फेकायचं, घट्ट पिळायची. मग लसूण-कांद्यावर भिजवलेल्या वालासोबत परतून वर ओलं खोबरं. पिळायचा कंटाळा मी एकदा केला, भाजी कडूजहर! फुलांचीही अशीच करतात. मुळाला वैद्य भारंगमूळ म्हणतात, खोकला-दम्याला देतात. ते मात्र आपल्या मनाने उकळून पिऊ नये.

परवा त्या नर्सरीवरून गेले. निळ्या फुलांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या, आणि पाटी अजून तीच, 'भारंगी'. भाव तेवढा दोनशे झालाय.