अबोला: पहिली रात्र आणि नंतरचे दिवस

"बाबांना सांग, ताट वाढलंय."

माझी आठ वर्षांची लेक स्वयंपाकघरातून हा निरोप घेऊन आली आणि माझं "भूक नाही" घेऊन परत गेली. अबोल्याचा पाचवा दिवस होता. ती पाय न वाजवता चालत होती. ते चालणं माझ्या ओळखीचं होतं. साताऱ्याच्या घरात आई आणि अण्णांमध्ये मी असाच निरोप पोचवायचो. अण्णांचा अबोला एका वर्षी गौरीपासून दसऱ्यापर्यंत चालला होता. घरात आरडाओरड नसायची, म्हणून शेजारपाजारचे त्यांना शांत माणूस म्हणायचे. मीही तेच धरून चाललो होतो: मी भांडत नाही, गप्प बसतो, म्हणजे मी समजूतदार.

त्या रात्री गच्चीवर जाऊन टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा, असं सुचवलं. पण हे बायकोला सांगायचं तर आधी अबोला मोडायला हवा होता, आणि खरं सांगतो, सगळ्यात जड गेलं ते हेच. ती म्हणाली, "येते. पण मला माझंही सांगायचंय."

पहिल्या दोन भेटींत मॅडम फक्त विचारत होत्या. चूक कुणाची ते त्या ठरवून देतील अशी माझी समजूत होती. त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढलं. ती विचारते, काय झालं? मी गप्प होतो. मी गप्प झालो म्हणून ती आणखी जोरात विचारते, आणि ती जोरात विचारते म्हणून मी आणखी मिटतो. मानसशास्त्रात याला मागणी आणि माघारीचं चक्र म्हणतात. माझ्या मते सुरुवात तिच्या प्रश्नापासून होत होती, तिच्या मते माझ्या गप्प होण्यापासून. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होतो, म्हणून इतकी वर्षं कुणीच हटलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "गप्प होता तेव्हा शरीरात काय होतं?" मला सांगता येईना. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून होता. पुढच्या वादात तो बोटाला लावून बघा, असं त्या म्हणाल्या. लावला. सोफ्यावर नुसता बसलेलो असताना नाडी ११२! बाहेरून दगड आणि आत हे. जॉन गॉटमन या अमेरिकी संशोधकाने जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, वाद चालू असताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. ठोके शंभरावर गेले की समोरच्याचं बोलणं नीट आत पोचतच नाही, आणि शरीर निवायला किमान वीस मिनिटं लागतात. भिंतीसारखे गप्प होणाऱ्यांत त्यांना पुरुषच जास्त आढळले. मला फार हलकं वाटलं. म्हणजे मी दुष्ट नव्हतो, माझं शरीर भरून येत होतं.

मॅडमनी मला तिथे थांबू दिलं नाही. "वीस मिनिटं समजली. पाच दिवस कशाचे?"

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग जे उत्तर आलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. पहिल्या रात्रीचा अबोला शरीराचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी शांत झालेला असतो, बोलता येत असतं. तरी मी बोलत नाही. तिला कळावं, तिने आधी यावं, म्हणून. तो अबोला शिक्षेचा असतो आणि तो माझा असतो. बायको शेजारीच बसली होती. ती इतकंच म्हणाली, "मला माहीत होतं."

पुढच्या भेटीत त्यांनी एक छोटी चित्रफीत दाखवली. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाचा सत्तरच्या दशकातला प्रयोग. आई बाळाशी खेळत असते, मग दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, हात पुढे करतं, किंचाळतं आणि शेवटी रडू लागतं. आई त्याला ओरडत नाही, मारत नाही, फक्त तिचा चेहरा उत्तर देत नाही. ते बघताना मला आधी बायकोचं वाक्य आठवलं: "तू गप्प झालास की मला वाटतं, मी या घरात नाहीच." आणि मग लेकीचे न वाजणारे पाय.

ठरलं ते साधं होतं. गप्प व्हायच्या आधी सांगायचं, "मला आत्ता जमत नाहीये, नऊ वाजता बोलू." आणि नऊ वाजता मीच जायचं, तिने बोलवायची वाट बघायची नाही. मधल्या वेळात मनातल्या मनात वाद चालू ठेवायचा नाही, नाहीतर नाडी खाली येतच नाही. मी भाजी निवडत बसायचो. पहिल्या महिन्यात दोनदा वाक्य बोललो आणि परत गेलोच नाही. तिचा विश्वास उडाला आणि तो बसायला पुढचे चार महिने गेले. तिच्याही बाजूचं काम होतं, मी आत गेल्यावर दारामागून विचारत न राहण्याचं. ते माझ्यापेक्षा अवघड आहे असं मला आज वाटतं, कारण वाट बघणाऱ्याला हातात धरायला काहीच नसतं.

गेल्या आठवड्यात अण्णांच्या औषधपाण्याच्या खर्चावरून जुंपली. मी वेळ मागणार तोच ती म्हणाली, "थांब. आज मला जमत नाहीये. साडेनऊला." आठ वर्षांच्या लेकीने आतून विचारलं, "भांडण संपलं का?"

"नाही. साडेनऊला बोलणार आहोत."

तिने घड्याळाकडे पाहिलं, "मग मी तोपर्यंत चित्र काढते," म्हणाली आणि धपधप पाय वाजवत रंगपेटी आणायला गेली.